सालासचा चौथा चेंडू

सांडूराव दांडग्यांनी एकतीस वर्षं कापसाला प्रत दिली. खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडी आली की ढिगावर चढायचं, वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ काढायची, चिमटीत धागा ओढून लांबी बघायची, ओल बघायची, कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस किती, काडीकचरा किती ते बघायचं आणि चिठ्ठीवर प्रत लिहून द्यायची. कामात हात असा बसला होता की डोळे मिटून नुसत्या बोटांनी ते ओल सांगत. पहिल्या साहेबांनी शिकवलेला एक नियम त्यांनी जन्मभर पाळला. ढिगातली सगळ्यात वाईट मूठ, तीच ढिगाची प्रत. वर कितीही पांढराशुभ्र माल असू दे, तळाची मूठ ओली निघाली की गाडी खालच्या प्रतीत गेली.

अशा माणसाला मित्र होत नाहीत. हंगामात कुणाच्या घरी चहा घ्यायचा म्हटलं तर त्या घरचा कापूस केंद्रावर यायचाच असे. म्हणून त्यांनी चहाच सोडला. लग्नकार्यात ते पंगतीला बसले की शेजारच्या पाटावरचा माणूस आधी गप्प होई आणि मग हळूच कापसाचं काढी. त्यापेक्षा न गेलेलं बरं.

एका साली करमाडहून त्यांचा भाऊ कडूबा गाडी घेऊन आला. रांगेत चार दिवस थांबला होता. सांडूरावांनी तळातून मूठ काढली आणि चिठ्ठीवर खालची प्रत लिहिली. कडूबानं चिठ्ठी वाचली आणि सगळ्या रांगेसमोर ओरडला, "सांडू, चुलत नाय, सख्खा हाये म्या!"

"म्हणून तर दुसरी मूठ काढली," सांडूराव म्हणाले. "ती बी वलीच निघाली."

रांगेतली माणसं हसली. कडूबा हसला नाही. त्यानंतर तो केंद्रावर आला नाही, आणि सांडूरावांना करमाडला बोलावणं आलं नाही. आवडाबाई, म्हणजे सांडूरावांची बायको, होती तोवर दिवाळीला तिकडून शेव-चिवड्याचा डबा तरी येई. ती गेली, डबा बंद झाला. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर गारखेड्यातल्या दोन खोल्यांत सांडूराव एकटे राहिले. सकाळी दूधवाल्याशी बोलणं होई, मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दूधवाल्याशी.

जवळच कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला, तेव्हा त्यांनी नाव घातलं. कॉम्प्युटर शिकायचा होता असं नाही. तासभर माणसांत बसायला मिळेल, एवढाच हिशेब होता. वर्गात सगळ्या विशीतल्या मुली, त्या यांना 'काका' म्हणत आणि आपसात बोलत. वर्ग संपला. सरावाला म्हणून त्यांनी पैठण गेटजवळच्या दुकानातून एक जुना कॉम्प्युटर आणला.

त्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या मालकाचा एक खेळ राहून गेला होता. बेसबॉलचा. सांडूरावांना बेसबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि पडद्यावर चेंडू, मैदान असं काही दिसतही नव्हतं. होते ते नुसते तक्ते. डावीकडे माणसांची नावं, पुढं खाने, आणि खान्यांत वीसपासून ऐंशीपर्यंतचे आकडे. सांडूराव खुर्चीत पुढं सरकून बसले. हे त्यांना कळत होतं. कुणीतरी माणसांना प्रत देऊन ठेवली होती.

पण कशाची प्रत? ते कळेना. चार दिवस डोकं खाजवून ते दुकानात गेले आणि आधीच्या मालकाचा पत्ता मागितला. दुकानदार म्हणाला, "मशीन में कुछ खराबी है क्या चचा?"

"खराबी नाय. मशीन चांगली हाये. मला त्या माणसाला एक विचारायचंय."

मालक निघाले नानासाहेब. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या माडीत राहत. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असत. तरुणपणी दोन वर्षं अमेरिकेत शिकायला होते, तिथं स्वस्तातल्या तिकिटावर बेसबॉल बघायची गोडी लागली ती सुटली नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तसा त्यांनी रागानं कॉम्प्युटर विकायला लावला होता.

"कोण आलंय?" त्यांनी आतूनच विचारलं.

"तुमच्या मशीनीतलं काय काय विचारायला आलेत," त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या. "कापसातले आहेत."

"कापसातल्या माणसाला बेसबॉल कशाला?"

"आकडे बघितले," सांडूराव दारातूनच म्हणाले. "सालास नावाच्या माणसाला कुणीतरी सत्तर दिलेत. कशाबद्दल दिलेत?"

नानासाहेबांनी आवाजाच्या दिशेनं हात केला. मग म्हणाले, "बसा. मनकर्णा, चहा टाक."

त्या दिवशी सांडूरावांनी चहा घेतला. नानासाहेबांकडे कापूस नव्हता.

मग मंगळवार आणि शनिवार ठरून गेले. या खेळात संघ आपण सांभाळायचा, सामने कॉम्प्युटर खेळवतो. सांडूराव घरी खेळाचे पाच-सहा दिवस पुढं सरकवायचे, निकाल वहीत उतरवायचे आणि शहर बसनं गुलमंडीला येऊन वाचून दाखवायचे. नानासाहेब डोळे मिटून ऐकायचे. संघ त्यांचा होता, सांडूराव त्याचे डोळे. शिकवणं नानासाहेबांचं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो तो पिचर, आपल्या क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखा. सामना सुरू करतो तो सुरुवातीचा पिचर. सामन्याच्या नऊ डावांपैकी त्याला सहा-सात डाव टिकायचं असतं, आणि समोरचे तेच फलंदाज त्याच्यापुढं दोनदा-तीनदा येतात. एकाच तऱ्हेचा चेंडू किती वेळा फसवणार? म्हणून त्याच्याकडं निरनिराळे चेंडू लागतात, आणि खेळात प्रत्येक चेंडूला वेगळा आकडा असतो. पाच दिवसांतून एकदा त्याची पाळी येते.

रुबेन सालास हा नानासाहेबांचा लाडका. खेळातला, कॉम्प्युटरनं घडवलेला पोरगा, पण नानासाहेबांनी त्याला अठराव्या वर्षी घेऊन पाच हंगाम वाढवलं होतं. "डावखुरा आहे," ते सांगत, जसं कुणी आपल्या पुतण्याबद्दल सांगावं. "वाचा बरं त्याचे आकडे."

"वेगाचा सत्तर. स्लायडर पासष्ट. संथ चेंडू, तो चेंजअप का काय, साठ. चौथा तो वळणारा, कर्व्ह, पंचवीस."

"हं," नानासाहेब समाधानानं म्हणत.

सांडूरावांना मात्र तो पंचवीस खुपायचा. तळाची मूठ ओली होती.

एकदा निघताना मनकर्णाबाई जिन्यापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही यायला लागल्यापासून हे रात्री झोपतात. नाहीतर नुसते उठून बसायचे. तुमचा मंगळवार चुकवू नका." सांडूराव मान हलवून जिना उतरले. बसमध्ये मात्र ते वाक्य त्यांनी चार-पाचदा मनात म्हणून बघितलं. आपला मंगळवार चुकला तर कुणाला कळेल, हे त्यांना नवीन होतं.

वैशाखात नानासाहेब पत्नीसह नातेवाइकांकडं लग्नाला नाशिकला गेले, ते तीन आठवड्यांसाठी. जाताना म्हणाले, "सांडूराव, संघ तुमच्या हवाली. थांबवू नका, चालू ठेवा. तुमच्या नजरेनं बघा."

दुसऱ्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर दुसऱ्या एका संघाचा निरोप आला. सालास द्या, होल्ट घ्या. सांडूरावांनी होल्टचे आकडे उघडले. चार चेंडू. पन्नास, पन्नास, पन्नास, पन्नास.

ग्रेडरला असा माल दहा वर्षांतून एकदा बघायला मिळतो. वर तोच, मध्ये तोच, तळाशी तोच. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नियमानं सालासची प्रत पंचवीस, होल्टची पन्नास. दुप्पट माल दारात चालून आला होता. नानासाहेब परत येतील तेव्हा केवढे खूश होतील, या विचारानं त्यांनी मान्य असं बटण दाबलं, आणि त्या दिवशी वरणात जरा तूप जास्त घातलं.

होल्टनं पहिल्या सामन्यात सहा धावा दिल्या. दुसऱ्यात सात. तिसऱ्यात चौथा डावही संपला नाही. फलंदाज दुसऱ्यांदा पुढं आले की त्याला झोडपून काढत. त्याच्या चारही चेंडूंत वाईट काही नव्हतं, आणि कुणाला बाद करील असंही काही नव्हतं. तिकडं सालास नव्या संघासाठी सामने जिंकत होता. सांडूराव तक्त्यासमोर बसून राहत. काय चुकलं ते त्यांना हळूहळू कळलं. कापसाचा ढीग सगळाच पिंजला जातो, त्यात ओली मूठ वेगळी ठेवता येत नाही. माणूस आपला वाईट चेंडू खिशात ठेवतो. सालासच्या नोंदी मागं जाऊन बघितल्या, तर त्यानं अख्ख्या हंगामात कर्व्ह जेमतेम नऊ-दहा वेळा टाकला होता.

नानासाहेब परतले त्या मंगळवारी सांडूराव सांगायचंच ठरवून गेले होते. जिना चढेपर्यंत वाक्य तयार होतं.

"माझा सालास कसा आहे?" सांडूरावांनी चप्पल काढायच्या आतच नानासाहेबांनी विचारलं.

"बरा हाये," सांडूराव म्हणाले.

ते शब्द कुठून आले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सख्ख्या भावासाठी चिठ्ठीवरचा एक शब्द बदलला नव्हता. इथं, ज्याचं काही देणं नाही घेणं नाही अशा माणसासमोर, पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलले. पण भाऊ तुटला तेव्हा घरी आवडाबाई होती. हे घर गेलं तर मागं दूधवाला.

एकदा बरा आहे म्हटल्यावर त्याला सामने खेळवावे लागले. सांडूराव घरी बसून सालासचे निकाल रचू लागले. सालास जिंकतो म्हटल्यावर संघही जिंकायला हवा, म्हणून तेही रचलं. खरा संघ पाचव्या जागेवर घसरला होता आणि वहीतला दुसऱ्या जागेवर चढला होता. सुरुवातीला त्यांचा आवाज अडखळे. नानासाहेबांना वाटे, अक्षर लागत नाही.

"दिवा लाव गं यांना," ते मनकर्णाबाईंना सांगत.

आनंद तर असा, की बघवत नव्हता. "दोनच सामने मागं आहोत!" नानासाहेब मांडीवर थाप मारत. "अगं, यंदा आपण वर जाणार. जिंकलो तर सांडूरावांना श्रीखंड."

"नुसत्या आकड्यांना श्रीखंड?" मनकर्णाबाई म्हणत. "मी आख्खी पोरं वाढवली, मला कुणी गूळसुद्धा दिला नाही."

सांडूराव वही बंद करून वर बघत नसत.

सालासचा सातवा सामना वाचून झाला तेव्हा नानासाहेब सावरून बसले. बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी मोजत होते.

"पुन्हा सांगा. सालासनं दिलेल्या धावा. पहिल्यापासून."

"दोन. तीन. दोन. दोन. तीन. दोन. तीन."

"डाव किती टाकले?"

"सात. सात. सहा. सात. सात. सहा. सात."

"असं नसतं, सांडूराव." नानासाहेबांच्या आवाजात संशय नव्हता, काळजी होती. "मी चाळीस वर्षं आकडेच केले. खरे आकडे असे शिस्तीत चालत नाहीत. एखाद्या दिवशी शून्य येतं, एखाद्या दिवशी आठ खातो. हे फार एकसारखं आहे. मशीन बिघडलंय. माझ्या हातातनं गेलं तेव्हा जुनंच होतं. तुम्ही ते दुकानात दाखवून आणा."

सांडूरावांनी खाली बघितलं. वाट समोर उघडी होती. व्हय, बिघडलंय म्हणायचं, आठवडाभरानं दुरुस्त झालं म्हणायचं, आणि त्या गडबडीत सालासला कुठंतरी जखमी करून बसवून टाकायचं. कुणाला कळणार होतं?

मनकर्णाबाई कपबशा उचलत होत्या. "बघा हो, दुरुस्ती होत असेल तर," त्या म्हणाल्या. "नाहीतर हे पुन्हा रात्रभर जागतील."

"मशीन चांगली हाये," सांडूराव म्हणाले.

"मग?"

"मशीनीत काय खोट नाय. आकडे म्या केलेत."

खाली कापडाच्या दुकानात कुणीतरी गज मारून कापड मोजत होतं, तेवढा आवाज येत राहिला.

"सालास कुठं आहे?" नानासाहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या संघात. बदली दिला. तुम्ही नाशिकला व्हता तवा."

"का?"

"चौथा चेंडू पंचवीस व्हता."

नानासाहेबांच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला. "अहो, तो चेंडू तो टाकतच नव्हता."

"मागून कळलं."

"आणि आपण दुसऱ्या नंबरावर आहोत ते?"

"पाचव्या."

नानासाहेबांनी चेहरा खिडकीकडं वळवला. तिथलं त्यांना काही दिसत नव्हतं, तरी. "खेळाडू जातात," ते म्हणाले. "मी स्वतः मूर्खासारखे किती घालवलेत. मला येऊन सांगितलं असतं तर शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या मंगळवारी विसरलो असतो. पण मला दिसत नाही, हे तुमच्या फार उपयोगी पडलं, सांडूराव."

सांडूरावांनी वही उचलली.

"वही ठेवून जा," नानासाहेब म्हणाले.

त्यांनी ठेवली. जिन्यापर्यंत मनकर्णाबाई आल्या नाहीत.

पुढचा शनिवार आला, गेला. मंगळवार आला. सांडूराव साडेतीनला धोतर बदलून बसले आणि पाच वाजता पुन्हा जुनं नेसले. फोन त्यांनी उशाशी ठेवला, आंघोळीला जाताना बाथरूमच्या खिडकीत ठेवला. संध्याकाळी ते कॉम्प्युटर लावत. पडद्यावर खेळातली तारीख होती अकरा जुलै, आणि खाली पुढच्या दिवसाचं बटण. ते दाबावंसं एकदाही वाटलं नाही. ते नुसते बघत आणि बंद करत.

नवीन वही आणून त्यांनी नानासाहेब नाशिकला गेले त्या दिवसापासूनचे खरे निकाल लिहून काढले. होल्टचे सहा, सात, नऊ. हरलेले सामने. मग सालासचेही, तिकडच्या संघातले. एके दिवशी सालासनं शून्य दिलं होतं, आणि त्याच्या पुढच्याच खेपेला तीन डावांत नऊ. लिहिताना सांडूरावांना नानासाहेबांचा आवाज ऐकू आला, खरे आकडे शिस्तीत चालत नाहीत. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. दूधवाला सकाळी यायचा होता.

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी, सोमवारी, फोन वाजला.

"मी मनकर्णा बोलते. हे विचारतायत, खेळ पुढं सरकवला का?"

"नाय. हाय तिथंच हाये."

फोन दुसरीकडं धरून काहीतरी बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "उद्या मशीन घेऊन या. आख्खी. वह्या आणू नका."

सांडूरावांनी मशीनचा पडदा चादरीत गुंडाळला, तिचा डबा पोत्यात घातला, रिक्षात दोन्ही मांडीवर धरून बसले. "जपून रे बाबा," ते प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला म्हणत. माडीच्या जिन्यावर दोन खेपा झाल्या. नानासाहेबांच्या पूर्वीच्या टेबलावर जागा मोकळी करून ठेवली होती. तारा जोडून झाल्या, पडदा उजळला. 'या', 'बसा' असं नानासाहेबांनी काही म्हटलं नव्हतं.

मनकर्णाबाई चष्मा लावून सांडूरावांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"हे वाचतील," नानासाहेब म्हणाले, "आणि तू बघशील. चुकलं की सांगायचं."

सांडूरावांचे कान तापले. एकतीस वर्षांत त्यांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. उठून जावं असं एकदा वाटलं. ते उठले नाहीत.

"होल्ट," त्यांनी सुरुवात केली. "पाच डाव. धावा सहा."

मनकर्णाबाईंनी पडद्याला बोट लावून बघितलं. "सहा. बरोबर."

"पुढची खेप. पाच डाव. धावा सात."

"सात. बरोबर."

असं तासभर चाललं. नानासाहेब मान न हलवता ऐकत होते. सालासच्या नऊ धावांचा सामना आला तेव्हा मात्र त्यांची मान हलली.

"नऊ?"

"नऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी बघितलं."

"मार खाल्ला असेल. लहर फिरली की असाच खातो." जवळजवळ हसू आलं होतं, ते त्यांनी आत घेतलं. "आज इथवर पुरे. पुढचा दिवस शनिवारी सरकवू. साडेचारला या."

सांडूराव उठले. सवयीनं त्यांनी तारा काढायला हात घातला.

"राहू द्या," नानासाहेब म्हणाले. "इथंच राहील ती."

"व्हय," सांडूराव म्हणाले. "हितंच बरी."

रिकामी चादर आणि पोतं काखेत घेऊन ते बसनं गारखेड्याला आले. दिवेलागण झाली होती. कुलूप काढून त्यांनी दिवा लावला. टेबलावर धुळीत मशीनचा चौकोन उमटला होता. ओलं फडकं आणून त्यांनी तो पुसला, फडकं पिळून दोरीवर टाकलं, आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसले. मंगळवार होता. शनिवारला अजून चार दिवस होते.